उंची नको बघूस, पांढरी मुळी मोज

अगं, परवा फोनवर तू केवढ्या खुशीत सांगत होतीस, "ताई, रोपं कमरेला लागली!" येणारा-जाणारा थांबून बघतो, रोपवाटिकेच्या गटातल्या बायकांना हुरूप आलाय, हे ऐकून मलाही बरं वाटलं. पण एक प्रश्न जिभेवर आला होता, आणि तुझ्या मागं सगळ्यांचा कालवा चालला होता म्हणून मी तो गिळला. आज निवांत आहेस, तर विचारते. मुळी कशी आहे गं?

शेंड्याचं कौतुक सगळेच करतात. रोप विकलं जातं शेंड्यावर, जगतं मात्र मुळीवर. आपल्या तुळजापूर भागातल्या द्राक्षबागायतदाराला विचार. पानं कितीही हिरवी असोत, तो खोडाजवळची माती उकरून आधी "पांढरी मुळी चालली का" ते बघतो. ती चालली तर खत लागू, पाणी लागू. ती थांबली तर वर कितीही फवारा, उपयोग शून्य. बागेच्या बाबतीत हे शहाणपण आपल्या गावागावात आहे. कडुलिंबाच्या, करंजाच्या, चिंचेच्या रोपाला मात्र ते कुणी लावत नाही. तिथं आपण टेप लावून उंची मोजतो आणि मोकळे होतो.

मुळीवर मी एवढी का अडून बसलेय ते सांगते. पाच बाय आठच्या पिशवीत जेमतेम लिटरभर माती मावते. रोपवाटिकेत तू रोज पाणी घालतेस, तोवर त्या लिटरभर मातीत रोपाचं भागतं. एकदा ते बालाघाटाच्या मुरमात लावलं की रोजचं पाणी बंद. आजूबाजूला पावसाची ओल असली तरी ती त्या रोपाची नसते. पिशवीच्या गोळ्यातून नवी मुळी बाहेर पडून मुरमात शिरेल तेव्हाच ती ओल त्याची. तोवर ते आपल्या लिटरभर शिदोरीवरच असतं.

आता आपला पाऊस आठव. मृगात दोन सरी येतात, लोक घाईनं खड्डे भरतात. आर्द्रा बरी गेली तर नशीब. आणि पुनर्वसूत उघडीप पडते, कधी आठ दिवस, कधी तीन आठवडे. म्हणजे रोपाला पहिल्या ओलीपासून पहिल्या उघडिपीपर्यंतचाच काय तो वेळ. त्या दोन-तीन आठवड्यांत मुळी गोळ्याबाहेर गेली तर रोप तग धरतं, नाही गेली तर उभ्या उभ्या वाळतं. कोकणात संथ मुळीचं रोपही चालून जाईल, तिथं वरून पाणी थांबत नाही. धाराशिवात चालत नाही. २०१४ आणि २०१५ ची पाठोपाठची दुष्काळी वर्षं तू पाहिलीस, तुला वेगळं काय सांगू.

म्हणून लागवडीआधी मुळीची परीक्षा घ्यायची, आणि ही परीक्षा काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात एडवर्ड स्टोन नावाचे वनशास्त्रज्ञ होते. दिसायला सारखीच रोपं, एक गठ्ठा जगतो आणि दुसरा मरतो, असं का, हा प्रश्न त्यांनी धरला. १९५५ साली त्यांनी मांडलं की फरक रोपाच्या रूपात दिसत नाही, आतल्या स्थितीत असतो. लावल्यावर नवी मुळी फोडायची ताकद कुणात आहे आणि कुणात नाही, हे बघायला हवं. तेव्हापासून थंड देशांतल्या मोठ्या रोपवाटिका लागवडीआधी थोडी रोपं बाजूला काढून ही ताकद मोजतात. पुढं कॅनडात बर्डेट यांनी १९७९ साली मोजायची अगदी सोपी पायरीपट्टी दिली. ती पाइनच्या झाडांसाठी होती, पण मुळ्या मोजायला ती कुठंही चालते. शाळेची पट्टी, एक काळं घमेलं आणि वाळू, एवढंच लागतं बघ.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बस. आधी लॉट वेगळे कर. एका जातीची, एकाच सुमाराला पेरलेली, एकाच मातीत भरलेली रोपं म्हणजे एक लॉट. प्रत्येक लॉटमधून २० रोपं काढ. आणि हे नीट ऐक, काढताना हात आपोआप चांगल्या रोपाकडं जातो, नळाजवळच्या ओळीकडं जातो. तसं नको. ओळींच्या चिठ्ठ्या टाक आणि निघेल त्या ओळीतून उचल. आपल्याला फोटो काढायचा नाही, खरं काय ते बघायचंय.

पिशवी ब्लेडनं उभी कापून काढ, मातीचा गोळा फोडू नकोस. जुनी बादली किंवा मोठी पिशवी घे, तळाला भोकं हवीतच. त्यात चाळून धुतलेली वाळू भर आणि गोळा मधोमध असा ठेव की चारी बाजूंनी आणि खाली दोन-तीन बोटं वाळू येईल. वाळूत खत-बित काही नको. आपल्याकडं मेमध्ये भांडं तापलं की कडेची मुळी भाजते, म्हणून बादली निम्मी जमिनीत गाड आणि वर सावलीची जाळी असू दे. पाणी सकाळ-संध्याकाळ, पण तळाशी साचायला नको. सगळे लॉट एकाच दिवशी, एकाच जागी ठेव. एक लॉट सावलीत आणि दुसरा उन्हात ठेवलास तर तू रोपाची नाही, जागेची परीक्षा घेतलीस.

किती दिवस ठेवायचं? बर्डेट यांनी उबदार खोलीत, दिवसा ३० आणि रात्री २५ अंश तापमान ठेवून सातच दिवसांत मोजलं. काही प्रयोगशाळा २८ दिवस थांबतात. आपल्याला दोन आठवडे पुरतात. तू १४ दिवस ठरव, फक्त एकदा ठरवलंस की दरवर्षी तेवढेच ठेव, नाहीतर यंदाचा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी बोलणार नाही.

पंधराव्या दिवशी बादली आडवी कर आणि मगानं हळूहळू पाणी सोड. वाळू आपोआप वाहून जाते, ओढाताण करायची नाही. गोळा तसाच अलगद काळ्या घमेल्यातल्या पाण्यावर धर. काळ्यावर पांढरं कसं उठून दिसतं ते बघच. नव्या मुळीचं टोक दुधासारखं असतं, उजेडात धरलं तर किंचित पारदर्शक. टोकाकडून मागं येशील तसं ते फिकट तांबूस होत जातं. दोन बोटांत धरून हलकं दाब. जिवंत मुळी ताठ लागते. सडलेली दाबली की साल निसटून बोटाला येते आणि आत नुसता दोरा राहतो. हा दोरा एकदा बोटाला कळला की नंतर तुला कुणी शिकवायला नको.

आता गोळ्याबाहेर आलेल्या, १ सेंटिमीटरहून लांब अशा नव्या मुळ्या मोज. एकही नवी मुळी नसेल तर रोपाला ० गुण. नव्या आहेत पण एकही सेंटिमीटरभर नाही, तर १. सेंटिमीटरहून लांब १ ते ३ असतील तर २ गुण. ४ ते १० ला ३ गुण, ११ ते ३० ला ४, आणि ३० च्या वर गेल्या तर ५. झाली परीक्षा. शाळेत जाणारी पोरगीही हे मोजेल, आणि तिलाच बसव, तिची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

आकडे आले की सरासरी काढायचा मोह होईल, तो आवर. एका रोपाला साठ मुळ्या फुटल्या आणि बाकीची सुन्न पडली, तरी सरासरी गोंडस येते. तू असं कर, विसाच्या वीस रोपांचे गुण लहानापासून मोठ्यापर्यंत वहीत ओळीनं लिही. मधलं, म्हणजे दहावं-अकरावं रोप कितीवर आहे ते बघ. आणि ० किंवा १ गुणाची किती निघाली ते वेगळं लिही. माझा हिशोब असा, की विसात चारपेक्षा जास्त रोपं ० किंवा १ वर असतील तर तो लॉट पहिल्या पावसात पाठवायचा नाही. हा काही सरकारी नियम नाही. तुझ्या जागेचा, तुझ्या जातींचा हिशोब दोन-तीन हंगामांत तुझा तूच बसवशील.

मुळी धुतलीच आहेस तर आणखी दोन गोष्टी बघून घे. एक, बुंध्याची जाडी. मातीला लागून वर्निअरनं मोज, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो. उंची सेंटिमीटरमध्ये घे आणि तिला मिलिमीटरमधल्या जाडीनं भाग. उत्तर सहाच्या आत आलं तर रोप दणकट. साठ सेंटिमीटरचं रोप सहा मिलिमीटर जाड असेल तर उत्तर दहा, म्हणजे नुसतं लुकडं, वाऱ्यानं झुकणारं. पंचेचाळीस सेंटिमीटरचं रोप नऊ मिलिमीटर जाड असेल तर पाच, आणि तेच माझ्या लेखी जास्त मोलाचं. तुझी कमरेएवढी रोपं या हिशोबात कुठं बसतात ते बघशील ना? युरिया जास्त झाला, जाळीखाली दाटी झाली की रोप उजेडासाठी वर पळतं, आणि खाली मुळीला काही उरत नाही.

दुसरं, करंज-बाभळीच्या मुळीवरच्या गाठी. हवेतला नत्र धरणाऱ्या त्या गाठी. एक नखानं फोड. आत गुलाबी निघाली तर ती कामाला लागलेली आहे. हिरवट, करडी किंवा पोकळ निघाली तर तिचा जोर संपलाय. गाठी नाहीतच असं दिसलं तर पुढच्या वर्षी पिशवी भरताना जुन्या करंजाखालची मूठभर माती मिसळ.

आणि गोळ्याचा तळ बघायला विसरू नकोस. सोटमूळ पिशवीच्या तळाला लागलं की वाट नसते म्हणून गोल फिरतं. पाण्याच्या घागरीखाली घालायची चुंबळ असते ना, हुबेहूब तशी गुंडाळी होते. ही चुंबळ जमिनीत गेल्यावर सुटत नाही, उलट खोड जाड होईल तशी स्वतःलाच आवळते, आणि वाढलेलं झाड वादळात मुळासकट कलंडतं. बोरीचं सोटमूळ तर भलतंच घाईचं असतं, म्हणून तर जाणते लोक बोरीचं बी जागेवरच टोकून तिथंच डोळा भरतात. तुझ्याकडं गुंडाळी दिसली तर लावताना गोळ्याचा तळ बोटभर कापून टाकायला सांग आणि कडेनं दोन-तीन उभे चिरे द्यायला सांग. पुढच्या वर्षी जमलं तर काही रोपं रूट ट्रेनरमध्ये कर. त्याच्या आतल्या उभ्या कडा मुळीला सरळ खाली नेतात, तळ उघडा असतो, आणि मांडणीवर उंच ठेवलं की हवेत आलेलं टोक आपोआप वाळून आत नव्या मुळ्या फुटतात.

आता परीक्षेत लॉट नापास झाला तर काय, ते ऐक, कारण तिथंच खरी कसोटी आहे. सगळंच फेकायचं नसतं. आधी कारण शोध. पिशवीतून मुळी खालच्या जमिनीत गेली असेल आणि उचलताना तुटली असेल, तर पिशव्या हलवून, सावलीत ठेवून, दोन-तीन आठवडे थांबलं की नवी मुळी फुटते. म्हणूनच पिशव्यांची जागा महिना-दीड महिन्यानं बदलायची असते. पाणी जास्त झालं असेल तर ते कमी कर, पिशवीची भोकं मोकळी कर, आणि पुन्हा वीस रोपं परीक्षेला लाव. पण रोप दीड-दोन वर्षं त्याच छोट्या पिशवीत अडकून म्हातारं झालं असेल, नाहीतर मुळी सडली असेल, तर ते जगवायच्या नादी लागू नकोस. कडुलिंबाचं बी लवकर मरतं, ते निंबोळी पिकल्या पिकल्या, ताजं असतानाच पेरायचं असतं. म्हणजे तुला दरवर्षी नवा लॉट करायचाच आहे. जुन्यावर जीव लावून काय मिळणार?

मला माहिती आहे, आपल्या हातांनी वाढवलेलं रोप खड्ड्यात टाकताना जीव तुटतो. बायकांनी उन्हात बसून पिशव्या भरल्यात, निंदलंय, हंड्यानं पाणी आणून घातलंय. तू एकटीनं "हा लॉट नको" म्हणालीस तर तुझ्यावर रुसतील. म्हणून मोजणी एकटी करूच नकोस. सगळ्यांना घमेल्याभोवती बसव. जिनं रोप वाढवलं तिच्याच हातात ते मुळीचं टोक दे. दोरा तिच्या बोटाला लागला की तिला समजावून सांगायची गरज उरत नाही, निर्णय ती स्वतःच सांगते. नाहीतर काय होतं? सप्टेंबरात रोपं वाळतात, घेणारा म्हणतो रोपंच खराब होती, आपण म्हणतो पाऊसच झाला नाही, आणि दोन्ही बाजूंना हातात काहीच नसतं. बहुतेक वेळा मग बोल लागतो तो बायकांना.

हे मी छोट्या गटाचं बोलतेय, पण मोठ्यांचंही वेगळं नाही. आपल्या राज्यात १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला, २०१७ ला ४ कोटींचं लक्ष्य ठेवलं, २०१८ ला १३ कोटींचं आणि २०१९ ला ३३ कोटींचं. पुढं किती जगली यावर वाद झाले, २०२१ मध्ये विधिमंडळात चौकशी समितीची घोषणाही झाली. मला त्या राजकारणात पडायचं नाही. एवढंच म्हणते की मेलेलं झाड कशानं मेलं हे दोन वर्षांनी कुणालाच धड सांगता येत नाही. पाऊस, शेळी, खड्डा, रोप, सगळी कारणं एकमेकांत मिसळून जातात. यातलं एकच कारण लागवडीआधी, शांतपणे, सावलीत बसून तपासता येतं, ते म्हणजे रोपाची मुळी. जे आपल्या हातात आहे ते तरी आपण तपासावं. फळबागेच्या शेतकऱ्यांचं बघ ना, राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं जगण्यावर अवलंबून असतात. सीताफळाची बाग लावणाऱ्याचे पैसे झाडाच्या मुळीवर टांगलेले असतात.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील ताईनं जादूची कांडी दिली. हा आकडा जगण्याची हमी देत नाही. तो खरंच किती भाकीत करतो यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडत आलेत. एक मात्र पक्कं, शून्य आलं तर गडबड नक्की आहे. चार किंवा पाच आलं तर रोप तयार आहे, एवढंच. पुढं टेम्पोत ते बुंध्याला धरून फेकलं, ताडपत्रीशिवाय ऐन दुपारी येरमाळ्याहून परंड्याला नेलं, तर वाटेतच मुळी सुकते. खड्डा वीतभर खणला तर चांगली मुळीही खडकावर जाऊन थांबते. आणि आपल्या उस्मानाबादी शेळीला कुठली वही वाचता येते? तिला कोवळा शेंडा दिसला की संपलं. म्हणून घेणाऱ्याला रोपासोबत चार गोष्टी सांगायच्या: पिशवीला धरून उचला, सावलीत उतरवा, खड्डा मोकळ्या मातीनं भरा, आणि काटेरी कुंपण त्याच दिवशी करा.

एक काम मात्र पावसाळा संपल्यावर न चुकता कर. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर, जिथं जिथं तुझी रोपं गेली तिथं फिर. लांब नाही जायचं, येडशीच्या आसपासची दोन-तीन ठिकाणं पुरेत. प्रत्येक लॉटची शंभर रोपं बघ, किती जिवंत ते मोज, आणि मेमधल्या परीक्षेच्या गुणाशेजारी तो आकडा लिही. पहिल्या वर्षी त्यातून फारसं काही कळणार नाही. तीन-चार वर्षं साठली की तुझी वही तुला सांगायला लागेल, करंजाला आपल्या मुरमात किती गुण लागतात, चिंचेला किती, आवळ्याला किती. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही गं. पाइनचं कोष्टक कॅनडात तयार झालं, बालाघाटाच्या करंजाचं तुझ्या अंगणात व्हावं, एवढी माझी हौस आहे.

तर आता वहीचं पान असं आख: लॉट, पेरणीची तारीख, उंची, जाडी, भागाकार, विसाचे गुण ओळीनं, मधला गुण, ० आणि १ ची संख्या, आणि शेवटी ऑक्टोबरसाठी एक रिकामा रकाना. त्या रकान्यात काहीतरी भरायचं आहे हे रोज डोळ्यांसमोर राहिलं म्हणजे काम अर्धवट राहत नाही. आणि कुणी मोठा साहेब येऊन म्हणाला, "दोन फुटांची उंच रोपंच द्या," तर घाबरून मान हलवू नकोस. पाणी दे, चहा दे, आणि वही पुढं कर. सांग, "साहेब, उंच हवी तर ही आहेत, मधला गुण एक. ही बुटकी आहेत, मधला गुण चार. तुमच्या मुरमाला कुठली देऊ?" माणूस कितीही घाईत असला तरी एवढा साधा प्रश्न त्याला कळतो.

येत्या रविवारी प्रत्येक लॉटच्या वीस पिशव्या बाजूला काढ. आणि काढल्यास की मला फोटो नको पाठवूस, पंधरा दिवसांनी आकडे पाठव.